काचपेटीतील मासे आणि प्रसंगावधान



छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की पाहावयास गेलेला बालक चक्कीच्या जात्यापेक्षा हौदातील माशांपाशीच अधिक रमतो. अठराव्या शतकातील या वास्तूची रचना करणाऱ्यांनी नहरीचे पाणी उंचावर चढवून तेथून हौदात सोडले. ती धार केवळ नेत्रसुखद नाही. कोसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळते व त्या हवेतील प्राणवायूवर मासे जगतात. हे एक तत्त्व विद्यार्थ्यास उमगले, तर घरच्या काचपेटीवर ओढवणाऱ्या निम्म्या संकटांचे उत्तर त्याच्या हाती आले असे समजावे.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा रंगीत मासे हे दुरून पाहण्याचे नवल होते. आज ते अनेक घरांत व शाळांतही आहेत. परंतु तलाव आणि काचपेटी यांत मोठा भेद आहे. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा पेटीत काठोकाठ भरूनही ५४ लिटरच पाणी मावते. तलावात जे बिघडण्यास महिने लागतात, ते येथे एका रात्रीत बिघडते. शिवाय मासा ओरडून सांगत नाही. म्हणून पाहणाऱ्याची नजर हाच त्याचा आधार होय.

पहिले संकट उन्हाळ्यातील. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळीस अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांस लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांस साडेसातच. मासे पृष्ठभागाशी येऊन सारखी तोंडे उघडझाप करू लागले, की गुदमर सुरू झाली हे ओळखावे. अशा वेळी झाकण काढावे आणि पेटीतीलच पाणी तांब्याने घेऊन वीतभर उंचीवरून पुनःपुन्हा ओतावे. हीच घरची पाणचक्की! पाणी फार तापले असल्यास बर्फ बंद पिशवीत घालून ती अल्पकाळ तरंगत ठेवावी. बर्फ थेट टाकू नये, कारण अकस्मात गारठाही मारक ठरतो. त्या दिवशी खाद्य देऊ नये.

दुसरे संकट ममतेतून येते. पाणी गढूळ दिसले, की मुले सारे पाणी ओतून देऊन नळाचे ताजे पाणी भरतात आणि सायंकाळी मासे मरून पडतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकलेली असते. ती माणसांस रोगापासून वाचवते, पण माशांचे कल्ले जाळते. म्हणून पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे. घाई असल्यास मत्स्यविक्रेत्याकडील क्लोरीननाशक थेंब प्रमाणात घालावेत. एका वेळी चतुर्थांश पाणीच बदलावे.

तिसरे संकट अतिखाद्याचे. उरलेले अन्न व विष्ठा कुजून अमोनिया हे विष तयार होते. गाळणीत वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे सौम्य क्षारांत रूपांतर करतात. म्हणून गाळणी नळाखाली घासून धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावी. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. सुट्टीवर जाताना मूठभर टाकून जाणे ही दया नव्हे. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतात.

चौथे संकट पेटी फुटण्याचे अथवा गळण्याचे. येथे क्रम चुकता कामा नये. प्रथम विजेचे बटण बंद करून, कोरड्या हाताने पिन काढावी. मगच पाण्यात हात घालावा. मासे त्याच पाण्यासह बादलीत घ्यावेत. भरलेली पेटी कधीही उचलू नये. मासा कितीही प्रिय असला, तरी बालकाचा जीव प्रथम, हे वर्गात निःसंदिग्धपणे सांगावे.

एखादा मासा मेल्यास तो त्वरित काढून मातीत पुरावा, आणि मुलास रागे न भरता कारण शोधण्यास सांगावे. नकोसे झालेले मासे मात्र खाम नदीत किंवा नाथसागरात सोडू नयेत. परके मासे तेथील मूळच्या माशांवर संकट आणतात.

ज्या शाळेत काचपेटी आहे, तेथे झाकलेल्या भांड्यात साठवलेले पाणी, एक स्वच्छ बादली, एक जाळी व सुट्टीतील पाळीचा तक्ता सदैव सिद्ध असावा. त्या तक्त्यावर मुलांचीच नावे असावीत. मुक्या जिवाची जबाबदारी एकदा पेललेले मूल पुढे मोठ्या संकटातही गोंधळून जात नाही.