तंत्रज्ञाची सेवा आणि किल्लारीचा पाठ



धर्माबादहून रेल्वे सिकंदराबादच्या दिशेने निघाली की राज्याची सीमा ओलांडताच गोदाकाठी बासर येते. तेथील ज्ञानसरस्वतीच्या देवळात मराठवाड्यातील कितीतरी मुलांनी पाटीवर पहिले अक्षर गिरविले आहे. त्याच बासरला २००८ पासून तंत्रशिक्षणाचे विद्यापीठ आहे, आणि इकडे नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून उभी आहे. अभियंता होणे ही आता या सीमाभागातील शेतकऱ्याच्या मुलालाही आवाक्याबाहेरची गोष्ट राहिलेली नाही. ही विद्या कोणाच्या कामी येणार, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.

पाश्चात्त्य विद्यापीठांत या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत रूढ झाले आहे. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाचे प्राध्यापक बर्नार्ड आमादेई २००० साली मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाच्या सान पाब्लो या खेड्यात गेले. तेथील मुली नदीवरून पाणी वाहण्यातच दिवस घालवीत आणि त्यापायी त्यांची शाळा बुडे. पुढच्या वर्षी प्राध्यापक आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन तेथे परतले. जवळच्या धबधब्याच्याच जोरावर पाणी वर चढविणारा पंप त्यांनी बसविला. वीज नको, डिझेल नको. त्यातूनच २००२ मध्ये एक संघटना जन्मली आणि 'सीमा न मानणारे अभियंते' हे ब्रीद घेऊन हजारो विद्यार्थी आफ्रिका-आशियातील खेड्यांत जाऊ लागले.

या उपक्रमाची थट्टा करण्याचे कारण नाही. सुट्टीचे दिवस परक्या देशातील चिखलात घालविणारा तरुण आदरालाच पात्र आहे. परंतु तो येतो चार आठवड्यांसाठी आणि गावकऱ्याला तेथे जन्म काढायचा असतो. विद्यार्थी छायाचित्रे घेऊन परततात, आणि सहा महिन्यांनी पंपाचा एक वायसर झिजला की सारे यंत्र मुके होते. अशाच नावाच्या कॅनडातील संघटनेने तर २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा अहवालच दरवर्षी छापावयास घेतला. आपल्याकडच्या कार्यवृत्तांत फसलेल्या कामाला अर्धा परिच्छेदही मिळत नाही. हा गुण त्यांच्याकडून खुशाल घ्यावा.

हे दुखणे आपल्या घरातलेही आहे. गावोगावी विंधनविहिरी घेऊन ज्या काळात हापसे बसविले जात होते, त्यावेळचे बरेचसे हापसे बिडाचे होते. मूळ परदेशी घडण एका कुटुंबाच्या परसदारासाठी होती. आपल्याकडे त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव तुटून पडे. १९७४ च्या पाहणीत सुमारे तीनचतुर्थांश हापसे बंद आढळले. त्यावरचा उपाय कोणत्याही राजधानीत सापडला नव्हता. तो मराठवाड्यातील जालन्याच्या आणि पुढे सोलापूरच्या कार्यशाळांत सापडला. या कार्यशाळा ख्रिस्ती मिशनच्या आश्रयाने चालत होत्या, हेही नमूद केले पाहिजे. ज्याचे श्रेय त्याला देण्यात आपल्याला संकोच नसावा. बिडाऐवजी पोलाद आणि अनेक सांध्यांऐवजी एकच भक्कम सांधा, अशी ती मांडणी होती. तिच्यावरून पुढे 'इंडिया मार्क दोन' हा हापसा तयार झाला आणि लाखोंच्या संख्येने देशात व आफ्रिकेत पोहोचला. त्यातही एक उणीव राहिली. दुरुस्तीसाठी सगळे पाइप वर ओढावे लागत आणि त्याकरिता तालुक्याहून गाडी व माणसे येण्याची वाट पाहावी लागे. म्हणून गावातल्या माणसालाच दट्ट्या बाहेर काढता यावा, अशी 'मार्क तीन'ची घडण करण्यात आली.

आता किल्लारीकडे वळू. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. संघाचे स्वयंसेवक ढिगारे उपसून मृतदेह बाहेर काढीत होते, अंत्यसंस्कार करीत होते. पुण्या-मुंबईची महाविद्यालयीन मुलेही येऊन मिळाली. जनकल्याण समितीने पुढे रेबे चिंचोली गावाचे पुनर्वसन केले आणि भूकंपग्रस्त मुलांसाठी हरंगुळला निवासी विद्यालय उभारले. हे सर्वांना ठाऊक आहे. घरे का पडली, याची चर्चा मात्र तितकीशी होत नाही, आणि तंत्रज्ञाची सेवा सुरू होते ती तेथेच.

भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधल्या पोकळीत भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. वर मातीचे जड माळवद. धक्का बसताच दोन्ही थर फुटून वेगळे झाले आणि झोपलेल्यांवर कोसळले. पण त्याच गावांतून खणांची जी घरे होती, त्यांतील पुष्कळशा घरांचे लाकडी खांब भिंती ढासळल्यावरही माळवद तोलून उभे राहिले. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या सुताराला जे उमगले होते, ते नातवाच्या गवंड्याने सोडून दिले होते! भूकंपानंतर लोकांनी दगडाचा धसका घेतला. सर्वांना स्लॅब हवा झाला. दोष दगडाचा नव्हता, तो रचण्याच्या रीतीचा होता, हे भयग्रस्त माणसाला कोणी सांगावे? आरपार दगड घालणे, भिंतीवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरविणे, माळवदाचे ओझे कमी करणे हे उपाय तर त्याच वर्षी, १९९३ मध्ये, भारतीय मानकांतही आले होते.

५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड. नकाशात सारे देखणे. गुरे कोठे बांधावयाची, कडबा कोठे रचावयाचा आणि संध्याकाळी पारावर कोणी कोठे बसावयाचे, याला त्या नकाशांत फारशी जागा नव्हती.

दुसरीकडे, जी घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, अशी दोन लाखांच्या आसपास घरे जागच्या जागी मजबूत करण्याचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने हाती घेतला. इतक्या घरांसाठी अभियंते आणावयाचे कोठून? येथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने एक मार्ग काढला. गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, पट्टा कोठे घालावयाचा, सिमेंटचे प्रमाण किती, हे त्यांनी शिकून घेतले आणि घरोघरी सांगितले. पदवीधर अभियंत्याने गवंड्याला बजावले तर तो मान डोलावतो व आपल्या रीतीनेच काम करतो. पण त्या घरात राहणारी बाईच भिंतीजवळ उभी राहून 'आरपार दगड दाखव' म्हणू लागली की त्याला पळवाट उरत नाही.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले. लातूर-उस्मानाबादच्या या बायका तेथे गेल्या. त्यांची भाषा मराठी, तिकडची गुजराती-कच्छी. हाती पदवी नाही, प्रकल्प अहवाल नाही. परंतु ढासळलेल्या घरासमोर बसलेल्या बाईला रात्री छपराखाली झोपण्याचे भय का वाटते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. आधी त्यांनी आपले सांगितले, मग तिचे ऐकले. वीट, दगड आणि सिमेंट यांची गोष्ट त्यानंतर निघाली.