शालिग्रामाची साक्ष

महाराष्ट्रांतील अनेक घरांत देवांच्या संपुष्टांत शालिग्राम असतो. नेपाळांत मुक्तिनाथाच्या परिसरांतून वाहणाऱ्या काली गंडकी नदीच्या पात्रांत हा काळा, गुळगुळीत गोटा सांपडतो. त्याच्या पोटांतील वलयाकार आकृतीला भाविक विष्णूचें चक्र मानतो. भूगर्भशास्त्रज्ञ तीच आकृति पाहून सांगतो कीं, हा अमोनाइट नांवाच्या एका समुद्रवासी प्राण्याचा शंख असून त्याचें वय सुमारें १५ कोटी वर्षें आहे. या सांगण्यानें श्रद्धेला बाध येत नाहीं; पूज्य वस्तूचा पूर्वेतिहास तेवढा कळतो.

समुद्रांतला प्राणी हिमालयाच्या खांद्यावर कसा आला, हा प्रश्न साहजिक आहे. त्या काळीं भारतभूमि आणि आशिया खंड यांच्यामध्यें टेथिस नांवाचा समुद्र पसरला होता. मेलेल्या अमोनाइटांचे शंख त्याच्या तळाशीं चिखलांत रुतून बसत आणि त्यांच्याभोवतीं चिखल घट्ट होऊन गोटे बनत. पुढें, सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं, भारतभूमि आशियाला भिडली. मधला समुद्र नाहींसा झाला आणि त्याचा तळच वळ्या पडून पर्वतरूपानें वर आला. आज गंडकी ते थर कापीत वाहते आणि आंतले गोटे खालीं आणून टाकते.

दिसावयाला गोगलगाईसारखा असला, तरी अमोनाइट हा माकूळ आणि अष्टपाद यांचा नातलग. शंखाच्या तोंडाशीं असलेल्या शेवटच्या दालनांत तो राही आणि वाढत जातांना मागला भाग पडदे घालून बंद करी. या कप्प्यांतून गेलेल्या एका बारीक नळीच्या योगानें आंतील पाणी काढून घेतलें जाई, व हलका झालेला शंख पाण्यांत तरंगे. पडदा जेथें शंखाच्या भिंतीला मिळतो, तेथें एक शिवण दिसते. अतिप्राचीन प्रकारांत ही शिवण साधी नागमोडी असते. पुढें तिला दाते येतात. आणि नंतरच्या प्रकारांत ती कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी नक्षीदार होते. शिवाय शंख वाढतांना बाल्यावस्थेंतील भाग नष्ट होत नाहीं; तो मध्यभागीं तसाच राहतो. म्हणून एकाच शंखांत त्या प्राण्याचें जन्मापासूनचें चरित्र वाचावयास मिळतें. उत्क्रांतीच्या अभ्यासकाला याहून सोयीची पोथी मिळणें कठीण.

ही पोथी वाचावयाला मनुष्यास वेळ लागला. इंग्लंडमध्यें व्हिटबी येथील लोक या शंखांना दगड झालेले साप समजत, आणि कारागीर त्यांवर सापाचें डोकें कोरून ते विकीत. रॉबर्ट हूक यानें सतराव्या शतकांत ते खरोखरीच्या प्राण्यांचे अवशेष आहेत असें प्रतिपादन केलें आणि प्राण्यांचे कांहीं प्रकार पृथ्वीवरून नाहींसे झाले असावेत, असेंही सुचविलें. त्याचें हें लिखाण त्याच्या मरणानंतर, १७०५ मध्यें प्रसिद्ध झालें. ईश्वराच्या सृष्टींतील एखादी जात समूळ नष्ट व्हावी, ही कल्पनाच त्या काळच्या विद्वानांना पटत नसे. १७९६ मध्यें क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें हत्तीच्या कुळांतील प्राण्यांच्या हाडांवरून अशा लोपाचा भरभक्कम पुरावा मांडला, तेव्हां कोठें तो विचार रुजूं लागला.

इतिहाससंशोधक जसा नाण्यावरून राजवट ओळखतो, तसा भूगर्भशास्त्रज्ञ अमोनाइटावरून खडकाचा काळ ओळखतो. याचें कारण अमोनाइटांच्या जाती दूरवरच्या समुद्रांत पसरत आणि भूगर्भीय मानानें फार लवकर बदलत. या आधारावर ऑपेल या जर्मन पंडितानें १८५६ ते १८५८ या काळांत ज्युरासिक युगाच्या थरांची बारीक विभागणी केली. त्याचा शिष्य वागेन यानें १८६९ मध्यें एका अमोनाइट कुळाचा थरागणिक माग काढून सूक्ष्म परंतु टिकाऊ फरक नोंदले. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हां दहाच वर्षें झालीं होतीं. हाच वागेन पुढें भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यांत आला आणि कच्छांतील अमोनाइटांवर त्यानें १८७३ ते १८७५ च्या दरम्यान विस्तृत ग्रंथ लिहिला. कच्छच्या रुक्ष टेकड्यांतील थर आणि युरोपांतील थर समकालीन कसे ठरवावे, हें त्या शंखांनीं दाखवून दिलें.

परंतु अमोनाइटांची खरी साक्ष त्यांच्या उत्कर्षाविषयीं नाहीं. ती संकटांविषयीं आहे. त्यांचा वंश सुमारें ४० कोटी वर्षांपूर्वीं उदयास आला. २५ कोटी २० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीवरील सर्वांत भीषण जीवसंहार झाला, तेव्हां त्यांचीं मोजकींच कुळें वांचलीं; तरी पुढील थोड्याच लक्ष वर्षांत त्यांच्या नाना जाती पुन्हां निर्माण झाल्या. २० कोटी १० लक्ष वर्षांपूर्वीं वंश पुन्हां एकदोन धाग्यांवर लोंबकळला आणि पुन्हां बहरला. शालिग्रामांतील अमोनाइट हा त्या वांचलेल्या धाग्याचाच वारस. अखेर ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं हा वंश निःशेष झाला.

जुन्या पंडितांनीं या अंताचें कारण वार्धक्य असें दिलें. शेवटच्या युगांत कांहीं अमोनाइटांचे शंख सरळ काठीसारखे, तर कांहींचे आंकड्यासारखे झाले होते. वंश म्हातारा होऊन त्याला विकृति जडली, असें ते म्हणत. हें मत आज टिकत नाहीं. ते विचित्र शंखांचे प्राणी कोट्यवधि वर्षें उत्तम नांदले होते.

मग अंत हळूहळू झाला कीं एकाएकीं? स्पेनच्या किनाऱ्यावर झुमाया येथें पीटर वॉर्ड याला प्रथम असें दिसलें, कीं संहाराच्या थराखालीं कित्येक मीटर अमोनाइट सांपडतच नाहींत. म्हणजे ते आधींच लोपले असावेत. पुढें जवळपासच्या इतर कड्यांवर अधिक शोध घेतल्यावर ते थेट त्या थरापर्यंत आढळले. शेवटचा सांपडलेला शंख हा शेवटच्या प्राण्याचा असतोच असें नाहीं, हा धडा सिग्नर आणि लिप्स यांनीं १९८२ मध्यें तर्कशुद्ध रीतीनें मांडला होता. झुमायाला त्याचा पडताळा आला.

संहाराचें प्रमुख कारण आज आकाशांतून कोसळलेला अशनि मानलें जातें. १९८० मध्यें अल्व्हारेझ पितापुत्र आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या थरांतील इरिडियम धातूच्या विपुलतेवरून हें अनुमान केलें. मेक्सिकोंतील सुमारें १८० किलोमीटर रुंदीचें विवर १९९१ मध्यें त्याच्याशीं जोडलें गेलें. त्याच सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे प्रचंड लोट वाहत होते. सह्याद्रीचे काळे कडे त्यांचेच थर होत. त्या उद्रेकांचा संहारांत वांटा किती, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे.

या संकटांतून अमोनाइटांचा दूरचा आप्त नॉटिलस मात्र वांचला. तो अधिक बलवान वा चतुर होता असें नव्हे. अमोनाइटाचें पिल्लूं जेमतेम एक मिलीमीटरचें. अनेक शास्त्रज्ञांच्या मतें तें पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म जीवांबरोबर तरंगत वाढे. संहारानंतर त्याच पाण्यांत अन्नाचा तुटवडा पडला, आणि तें पाणी झपाट्यानें आम्लही झालें. नॉटिलसाचीं अंडीं थोडीं, पण मोठीं. पिल्लूं सुमारें अडीच सेंटिमीटरचें होऊनच बाहेर पडतें आणि खोल पाण्यांत राहतें. जी राहणी कोट्यवधि वर्षें अमोनाइटांच्या भरभराटीचें कारण होती, तीच एका प्रहरीं त्यांच्या नाशाचें कारण झाली. निसर्गांत यश हें पुढील काळाचें अभयपत्र नव्हे.

हा निष्कर्ष केवळ जुन्या खडकांपुरता नाहीं. कारखानदारीच्या युगास प्रारंभ झाल्यापासून समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यांत आम्लता आणणाऱ्या हायड्रोजन आयनांचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांनीं वाढलें आहे. शंखशिंपल्यांचीं व पोवळ्यांचीं कवचें ज्या पाण्यांत घडतात, तेंच हें पाणी. आणि नॉटिलस? त्याच्या सुंदर शंखाला बाजार मिळाला. वयांत यावयाला त्याला दहाहून अधिक वर्षें लागतात आणि अंडीं थोडीं होतात, म्हणून पकडलेल्यांची उणीव भरून निघत नाहीं. २०१६ मध्यें जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें त्याच्या व्यापारावर निर्बंध घालण्याचें ठरविलें. अशनीच्या आघातांतून ज्या संथ जीवनक्रमानें त्याला तारलें, तोच मनुष्याच्या जाळ्यापुढें त्याचा दुबळेपणा ठरला आहे. फरक एवढाच कीं, अशनीला थांबविणारें कोणी नव्हतें; जाळें टाकणारा हात आवरतां येतो.