लाल बावट्याचा एक उपेक्षित पोवाडा



या व्यासपीठावरून प्राध्यापक बोलतात, वकील बोलतात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. तेव्हा मी वाङ्मयावर बोलायला उभा राहिलो असलो, तरी माझे माप कामगाराचे आहे. ते आखूड वाटले तर आपण सांभाळून घ्यावे.

विषय एका ओळीत सांगतो. लाल बावटा कलापथकाच्या शाहिरीतील काही रचना महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या. पण त्याच शाहिरीतील एका रचनेला तिचा मान मिळाला नाही, असे माझे म्हणणे आहे. ती रचना म्हणजे अण्णा भाऊ साठे यांचा १९४७ सालचा ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ हा पोवाडा.

प्रथम त्या कलापथकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९४४ च्या सुमारास मुंबईत तीन शाहीर एकत्र आले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णा भाऊंचा जन्म मातंग समाजातला. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. डफ, तुणतुणे आणि झांजा एवढ्या भांडवलावर या मंडळींनी गिरणगावातल्या चाळींपासून खेड्यातल्या पारापर्यंत माणसे जागी केली. जातीधर्माची जी भिंत मोडा म्हणून आपण ठराव करतो, ती भिंत या कलापथकाच्या रंगमंचावर मुळी नव्हतीच. हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या विवेचनाला त्याचा आधार लागणार आहे.

आता गाजलेल्या रचनांना त्यांचे माप पुरते घालू. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड थोर आहे यात शंका नाही. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचा विरह ती सांगत जाते, आणि सांगता सांगता बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या तुटलेल्या मुलुखाचा विरह होऊन बसते. एका घरची व्यथा सबंध महाराष्ट्राची करण्याची ही हातोटी फार थोड्यांना साधली. ‘मुंबईची लावणी’ घ्या. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव गायिले होते. अण्णा भाऊंनी मलबार हिलच्या शेजारी उपाशी मुंबई उभी करून दाखवली. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ तर त्यांच्या आरंभीच्या दिवसांतला, आणि त्याने त्यांचे नाव झाले. ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ या पोवाड्यात १९४६ साली गोळीबारात पडलेल्या कामगारांचे स्मरण आहे. आमच्या चळवळीतला माणूस तो विसरू शकत नाही.

या सगळ्यांच्या पंगतीत ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ कोठे बसतो? १ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती होते. मी भिवंडी, कल्याण, ठाणे या भागांतल्या अशा कित्येक जयंत्यांना हजर राहिलो आहे. ‘माझी मैना’ झाल्यावाचून कार्यक्रम संपत नाही. पण या पोवाड्याची फर्माईश करणारा मला अजून भेटलेला नाही. संग्रहात तो छापलेला आहे, पण लोकांच्या ओठांवर नाही.

असे का झाले? माझ्या मते पहिले कारण पोवाड्याच्या घडणीतच आहे. पोवाड्याला वीर लागतो. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या, सिंहगडाचा तुळशीदासाचा घ्या, नाहीतर १८६९ सालचा जोतीराव फुले यांचा छत्रपतींवरचा पोवाडा घ्या. प्रत्येकात एक पुरुष उभा आहे, आणि त्याच्या पराक्रमाबरोबर ऐकणाऱ्याची छाती फुगते. आपल्या अंजूरला हे निराळे सांगायला नको. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत या गावच्या गंगाजी नाईकांनी केलेली कामगिरी इथली मुले घरीच ऐकतात. स्टालिनग्राडच्या पोवाड्यात लाल सेना वीर आहे. अमळनेरच्या पोवाड्यात हुतात्मे आहेत. पण दंग्यात वीर कोण?

आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात मी एकदा हे तीनही पोवाडे ओळीने वाचून दाखवले. तिसरा संपल्यावर एक म्हातारा जॉबर म्हणाला, “दादा, बाकी समजलं, पण यात जिंकलं कोण?” पुस्तकी टीकेपेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो. यात कोणीही जिंकत नाही. फाळणीच्या त्या महिन्यांत एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली, लाखो मेली, आणि मारणारे व मरणारे दोन्हीकडचे होते. अशा विषयावर वीररसाचे वाद्य घेऊन उभे राहणे म्हणजे तलवारीने टाके घालण्यासारखे आहे. अण्णा भाऊंनी ते धाडस केले. शाहीर आरंभापासून श्रोत्यांनाच साकडे घालतो. जातीयता टाका, रक्तपात थांबवा, आपले हात आवरा, देशाची अब्रू पणाला लागली आहे, असा त्याचा रोख आहे. पोवाड्याचा चढा आवाज तोच राहतो. मात्र जो आवाज एरवी हात उचलायला सांगतो, तो इथे हात आवरायला सांगतो. मराठी शाहिरीत ही गोष्ट मला तरी मोठी वाटते.

दुसरे कारण आमच्याशी, म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्यांशी संबंधित आहे. मालकाविरुद्ध बोललो की गेटसभेत टाळी पडते. सरकारवर कोरडे ओढले की पडते. कारण दोष दुसऱ्याचा असतो. पण ‘तुझ्या शेजारच्या मागावरच्या माणसाविषयी तुझ्या मनात काय आहे?’ असे विचारले, की सभा गप्प होते, कोणी चप्पल शोधू लागतो. हा पोवाडा नेमका तो प्रश्न विचारतो. ज्या गाण्याने आपल्याला अवघडल्यासारखे होते, ते आपण वाईट ठरवत नाही, आपण ते नुसते गात नाही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, ही प्रासंगिक रचना आहे. प्रसंग सरला, रचनाही सरली. कारागिरीच्या दृष्टीने ‘माझी मैना’ वरचढ आहे, हे मी कबूल करतो. तिच्यातली प्रतिमा आपसूक उलगडते, तर दंग्याच्या पोवाड्यात घाई आहे. आग लागली असता हाका मारणाऱ्याच्या शब्दांत असते तशी घाई. परंतु प्रासंगिक म्हणून बाजूला ठेवायचे, तर स्टालिनग्राडही प्रासंगिकच होते. ती लढाई १९४३ सालीच संपली. दंग्याचा प्रसंग मात्र संपला नाही. याला साक्षीदार लांबून आणण्याची गरज नाही. अंजूर फाट्यावरून आत भिवंडीत शिरले की झाले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख गेले. पुरते नऊ महिनेही लोटले नाहीत तोच ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल पेटली, आणि तिच्या ठिणग्या जळगाव व महाडपर्यंत उडाल्या. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झाले, आणि आग मुंबई-ठाण्यात पसरली. त्या वेळी मी पोरवयात होतो. रात्रंदिवस खडखडणारे माग थांबल्यावर गावात जी शांतता पसरली, ती शांतता भीतीची होती हे मला तेव्हाही कळले. माग बंद पडला म्हणजे धोटा हिंदूचा की मुसलमानाचा हे पाहत नाही. रोजंदारी सगळ्यांचीच बुडते. कापडाचा उभा धागा एका हातचा आणि आडवा दुसऱ्या हातचा असला, तर तुटल्यावर दोष कोणाचा हे पंचनाम्याने ठरेल, पण कापड काही होणार नाही.

आता दुसरी बाजू ऐका. १९८४ नंतर याच भिवंडीत पोलीस आणि नागरिक यांनी मिळून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीगल्लीत दोन्ही समाजांची माणसे समोरासमोर बसू लागली. कोणाची नळावरची भांडणे, कोणाचा मिरवणुकीचा रस्ता, कोठे उठलेली अफवा, असले किरकोळ विषय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. या कामगिरीचा पोवाडा कोणी रचला? कोणीही नाही. कारण तिथेही एकटा वीर नव्हता. हजारो माणसांनी हात आवरले, एवढेच घडले. न घडलेल्या दंग्याची बातमी होत नाही, आणि हात आवरायला सांगणाऱ्या पोवाड्याची फर्माईश होत नाही. या दोन्हींचे मूळ एकच आहे.

म्हणून मी म्हणतो, या रचनेचे मोल ठरवताना ती किती वेळा गायिली गेली हे मोजू नका. ती कोठे उपयोगी पडेल हे पाहा. त्या मापाने अण्णा भाऊंच्या पहिल्या तीन-चार रचनांत मी तिला बसवीन.

शेवटी दोन मागण्या. मागणीपत्र दिल्यावाचून युनियनवाल्याचे भाषण संपत नाही. पहिली अशी की, येत्या १ ऑगस्टला या पंचक्रोशीतल्या कलापथकांनी ‘माझी मैना’ जरूर गावी, पण तिच्यासोबत हा पोवाडाही बसवावा. दुसरी मागणी अधिक कठीण आहे. भिवंडीच्या मागांवर उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार आहे, तेलंगणाचा पद्मशाली आहे. त्यांच्यापैकी कित्येकांना मराठी पोवाडा कळत नाही. ज्यांना ऐकवायचे त्यांच्यापर्यंत ही हाक पोचतच नाही. तेव्हा येथील शिक्षक मंडळींनी त्याचे हिंदी, उर्दू आणि तेलुगू रूपांतर करून द्यावे. गाणारे मी आणतो.

पोवाडा एकटा शाहीर गात नाही. त्याच्या मागे झीलकरी असतात. ते गप्प राहिले तर कितीही पहाडी आवाज हवेत विरून जातो. १९४७ साली अण्णा भाऊंनी आपली ओळ म्हटली आहे. झील धरणे आपल्याकडे आहे.