सीमेवरचें राष्ट्र आणि सामाईक खजिना

एस्टोनिया हें बाल्टिक समुद्राच्या कांठचें, चौदा लक्षांहूनही कमी वस्तीचें राष्ट्र. पूर्वेस त्याची जवळजवळ ३०० किलोमीटर सीमा रशियाशीं भिडलेली आहे. १९१८ सालीं उद्घोषित झालेलें त्याचें स्वातंत्र्य १९४० मध्यें सोव्हिएट सत्तेनें हिरावून घेतलें. तें परत मिळण्यास १९९१ साल उजाडावें लागलें. २००४ मध्यें हा देश नाटो आणि युरोपीय संघ या दोहोंत सामील झाला. ही पूर्वपीठिका ध्यानांत घेतली म्हणजे संयुक्त संरक्षणनिधीविषयींचा त्याचा आग्रह नीट उमजतो.

रशियानें २०२२ सालीं युक्रेनवर मोठी चढाई केली. पुढच्याच वर्षीं एस्टोनियाच्या तत्कालीन पंतप्रधान काया कल्लास यांनीं सुचविलें कीं, कोरोनाच्या सांथींत संघानें जशी लस एकत्रितपणें खरेदी केली, तसेच युक्रेनसाठीं तोफगोळेही खरेदी करावे. मार्च २०२३ मध्यें संघानें बारा महिन्यांत १० लक्ष गोळे पुरविण्याचें ठरविलें. परंतु मुदत संपतांना त्यांपैकीं सुमारें निम्मेच पोंचले होते. ठराव एका बैठकींत होतो; कारखान्याची शक्ति वाढविण्यास मात्र वर्षें लागतात आणि दीर्घ मुदतीच्या मागणीची हमीही लागते.

ती हमी कोणत्या पैशानें द्यावयाची, हाच खरा वादाचा मुद्दा आहे. सांथीनंतरच्या पुनरुभारणीसाठीं २०२० मध्यें संघानें सामाईक कर्ज काढण्याचें मान्य केलें. मग संरक्षणासाठीं तें कां काढूं नये, असा एस्टोनियाचा सवाल. एकाचें ऋण दुसऱ्याच्या माथीं येईल, ही जर्मनी व नेदरलँड्स यांची जुनी भीति. तिला अर्थ नाहीं असें नव्हे. पण हा सवाल करणारा देश उधळ्या नाहीं; संघांतील अत्यल्प सरकारी कर्ज असलेल्या देशांत त्याची गणना होते.

मे २०२५ मध्यें संघानें १५० अब्ज युरोंची कर्जयोजना मंजूर केली. कर्ज संघ उभारतो, परंतु फेड ज्याची त्यानें करावयाची. मोठ्या राष्ट्रास हें पेलेल. लहानास व्याजाची सवलत मिळाली तरी भार त्याच्याच शिरावर राहतो.

पुराचें पाणी प्रथम नदीकांठच्या घरांत शिरतें, म्हणून बांधाचा खर्च त्या घरांनींच सोसावा, असें कोणताही शहाणा गांव म्हणत नाहीं. मात्र वर्गणी मागणारानें आपला वांटा आधीं द्यावा लागतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ५ हून अधिक रक्कम २०२६ पासून संरक्षणावर खर्चण्याचें ठरवून एस्टोनियानें तो वांटा पत्करला आहे. त्याच्या मागणीला जें वजन आहे, तें यामुळेंच.