पंचवीस दिवसांची सोबत
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा ताळेबंद आपल्या हाती आहेच. प्लास्टिक सर्जरीच्या रुग्णांना धर्मादाय निधीतून साहाय्य कशासाठी, अशी विचारणा आम्हांला वेळोवेळी होते. सौंदर्य ही हौसेची बाब, तिच्यावर गरिबांसाठी आलेला पैसा का खर्चावा, असा त्यामागील भाव असतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ऊर्जानगरच्या परिसरात ही शस्त्रक्रिया हौसेची नाही. मोहफुले वेचण्यासाठी पहाटे जंगलात गेलेल्या माणसावर अस्वल अचानक चालून येते, तेव्हा त्याच्या नखांचा मारा बहुधा चेहऱ्यावर होतो. नाक, ओठ, पापणी, कधी डोळाही जातो. उच्चदाबाच्या विजेचा धक्का बसलेल्या कामगाराच्या मनगटाची कातडी जळून आतील स्नायुबंध व हाड उघडे पडते. अशा माणसाला नीट जेवता यावे, डोळा मिटता यावा, हातात अवजार धरता यावे, यासाठी ही शस्त्रक्रिया असते.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. शल्यशास्त्र आमचा विषय नव्हे. तथापि डॉक्टरांच्या सहवासात जे समजले ते साध्या शब्दांत सांगतो. कातडीचा पातळ थर काढून जखमेवर लावणे म्हणजे त्वचारोपण. तो थर जखमेच्या तळातून मिळणाऱ्या रक्तावर जगतो. उघड्या हाडावर किंवा स्नायुबंधावर त्याला पोषण मिळत नाही. तेथे ‘फ्लॅप’ लागतो. कातडी, चरबी व गरजेप्रमाणे स्नायू, त्यांच्या रक्तवाहिन्यांसह तेथे आणून बसवितात. आमच्या भाषेत सांगायचे तर त्वचारोपण उधारीवर जगते, फ्लॅप स्वतःचे भांडवल घेऊन येतो.

ही विद्या परदेशातून आलेली नाही. सुश्रुतसंहितेत पानाचे माप घेऊन गालाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची रीत सांगितलेली आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. इंग्रज फौजेतील कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. सुमारे वर्षभराने विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. त्याने मेणाच्या पत्र्यावर नाकाचे माप घेतले, ते कपाळावर ठेवून रेघ आखली आणि तेवढी त्वचा सोडविली. मात्र दोन भुवयांमधील अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. त्वचा खाली वळवून नाकाच्या जागी बसविली आणि ओल्या काताच्या पट्ट्यांनी चिकटविली. रक्तपुरवठा त्या पट्टीतून चालू राहिला. सुमारे पंचवीस दिवसांनी, नव्या जागी त्वचा रुजल्यावर, पट्टी कापली. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबईच्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. त्या वृत्तान्तावरून प्रेरणा घेऊन लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये असेच नाक घडविले व १८१६मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या कारागिराचे नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही.

आपल्या विदर्भातही ही परंपरा आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचे काम उभे केले. आज सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाक्यांनी रक्तवाहिन्या जोडून मांडीची त्वचा थेट चेहऱ्यावर नेता येते. तरीही कपाळाचा फ्लॅप आजही वापरात आहे, आणि जांघेच्या त्वचेला हात जोडून ठेवण्याची रीतही आहे. दोन्हींत पट्टी कापण्यापूर्वी साधारण तीन आठवडे थांबावेच लागते. पंचवीस दिवसांचा तो हिशेब सव्वादोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

आमची विनंती या दिवसांसाठी आहे. ज्याचा हात जांघेला जोडलेला आहे तो स्वतः घास घेऊ शकत नाही, कूस बदलू शकत नाही. सोबत घरचे माणूस लागते. ते माणूस भामरागड किंवा एटापल्लीच्या गावातून नागपूरला जाऊन राहिले, की घरातील दुसरी मजुरीही बंद होते. मग कुटुंब अर्ध्यावर परत जाण्याचा विचार करते. पट्टी कापण्याचा टप्पा राहिला तर पहिल्या शस्त्रक्रियेवरील सारे कष्ट व पैसा अपुरा ठरतो. म्हणून देणगीदारांनी यंत्रसामग्रीसोबतच सोबत्याच्या जेवणाचा, निवाऱ्याचा व प्रवासाचा भारही उचलावा. या देणगीवर नावाची पाटी लावता येणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे.

नातेवाइकांना तीन सूचना. जनावराने केलेली जखम भरपूर वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, तिच्यावर चुना, हळद वा राख लावू नये, आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फ्लॅप निळसर, फिकट वा थंड वाटल्यास सकाळची वाट न पाहता परिचारिकेस सांगावे. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. आणि रुग्णास खर्रा, विडी, तंबाखू मुळीच देऊ नये. तंबाखूने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाऊ शकते. प्रेमापोटी उशीखाली ठेवलेली खर्ऱ्याची पुडी रुग्णाचे नाक घेऊन जाऊ शकते.