दाढ दुखायच्या आधी

लोणावळा लोकलमध्ये बसून ऐकताय? हातात चिक्की असेल तर खात खात ऐका. आज मी चिक्कीला नाही, स्वतःलाच नावं ठेवणार आहे.

मी मावळात दातांचा दवाखाना चालवतो. मध्यंतरी पवन मावळातून एक ताई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. खालची मोठी दाढ पार पोखरलेली. म्हणाल्या, "डॉक्टर, दुधाचीच आहे ना? काढून टाका, नवीन येईल की."

ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. तिच्या जागी आधी काही पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. ती गेली की गेली.

मी जुना केसपेपर काढला. हाच मुलगा सातव्या वर्षी माझ्याकडेच आला होता. हलणारा दुधाचा दात मी काढला, कापूस दिला, पैसे घेतले. मागच्या नव्या दाढेबद्दल एक शब्द बोललो नाही. बाहेर पेशंट थांबले होते ना!

खरं सांगतो, आम्हा डेंटिस्टचं गणितच असं झालंय. रूट कॅनालचे पैसे मिळतात, समजावून सांगण्याचे मिळत नाहीत. वर "पेशंट ऐकत नाहीत" हे वाक्य आमच्या तोंडात तयार. अरे, पण मी सांगितलंच नव्हतं, तर ताई ऐकणार काय?

सांगायला काय होतं? दाढेच्या खाचा सिलंटने बुजवता येतात. सुई नाही, दुखणं नाही. फ्लोराइडवाली टूथपेस्ट तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, आपल्या इंद्रायणीचा दाणा समजा. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. रात्री झोपताना घासायचं, फेस थुंकायचा, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. चिक्की जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळू नका. आणि आजीची मिश्री म्हणजे तंबाखूच, दातांचं औषध नव्हे.

त्या मुलाची दाढ वाचवायचा प्रयत्न चालू आहे. उरलेल्या तिन्ही दाढांच्या खाचा मी बुजवल्या. ताईंनी विचारलं, "हे आधी करता आलं असतं का?" मी म्हणालो, "हो. चूक माझी."

आता दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी 'आ' करायला लावतो आणि मागची दाढ आईला आरशात दाखवतो. पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं कुणी असेल, तर आज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून बघा. आणि डेंटिस्टकडे एकदा तरी काही दुखत नसताना जा. म्हणा, "डॉक्टर, त्रास काही नाही, फक्त बघा आणि सांगा." आम्हालाही ती सवय लागायला हवी.

भेटू पुढच्या भागात!