जुना सांगाडा, नवी शक्ती

लखनौच्या आलमबाग येथील डिझेल शेडने ज्या इंजिनांची देखभाल केली, त्यांत अल्को कुळातील इंजिने होती. या कुळातील पहिले भारतीय इंजिन वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ साली बाहेर पडले : सहा आस, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. अशा इंजिनाचे निर्धारित आयुष्य ३६ वर्षे. अर्ध्या वाटेवर त्याचे पुनर्निर्माण होई. पतियाळा येथे १९८१ साली स्थापन झालेल्या कारखान्यात सांगाडा राखून अश्वशक्ती ३१०० पर्यंत नेली जाई आणि नियंत्रण सूक्ष्मप्रक्रियकाच्या हाती सोपविले जाई.

शक्ती वाढली म्हणजे ओढ वाढली, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. उभी मालगाडी हलविताना मर्यादा पडते ती चाक व रूळ यांमधील पकडीची, आणि पकड वजनातून येते. वजन तेच राहिल्यास वाढीव पाचशे अश्वशक्तीचा उपयोग गाडीने वेग घेतल्यावरच होणार. आरंभीचा लाभ इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा : चाक घसरू लागताच ती जुन्या रिलेपेक्षा लवकर विद्युतप्रवाह आवरते.

पुढे वाराणसीत २६०० अश्वशक्तीच्या दोन जुन्या डिझेल इंजिनांपासून १०,००० अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन घडविण्यात आले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याला हिरवा झेंडा दाखविला गेला. डिझेलची टाकी मात्र गेली. तारेविना हे इंजिन आता पाऊलही टाकू शकत नाही.